रिकामी दिसणारी मार्गिका: नगर रस्त्यावरची बस का रखडते?

पुण्याच्या नगर रस्त्यावर एप्रिल २०१६ मध्ये येरवड्यापासून वाघोलीपर्यंत बससाठी वेगळी मार्गिका, म्हणजे बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट), सुरू झाली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने उखडली गेली. कठडे बसवायला खर्च झाला, मग ते काढायलाही झाला. दरम्यान मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती पुढे वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला मंजुरी दिली.

त्यामुळे वाघोली-खराडीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की मतं तयारच असतात. बीआरटी फसली, आता मेट्रोच येऊ दे. पूल बांधा. रस्ता रुंद करा. बस वाढवा. प्रत्येक मतात थोडं तथ्य आहे आणि प्रत्येकात एखादा आकडा राहून गेलाय. तो आकडा काय, हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. शाळेतलं त्रैराशिक पुरतं.

एका डांबरावर तीन रस्ते

नियोजनाच्या कागदांमध्ये 'कॉरिडॉर' हा शब्द सारखा येतो. त्याचा अर्थ साधा आहे: मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंची चालत जाण्याइतक्या अंतरावरची वस्ती, आणि तिथून निघणारी सगळी ये-जा. नगर रस्त्याचं दुखणं या व्याख्येतच दिसतं. अहिल्यानगरकडे जाणारी एसटी आणि रांजणगाव एमआयडीसीचे ट्रक यांच्यासाठी तो महामार्ग आहे. खराडीच्या आयटी कंपन्यांत आणि विमानतळावर जाणाऱ्यांसाठी तो शहराचा मुख्य रस्ता आहे. आणि वाघोलीत कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला निघालेल्या आजोबांसाठी ती गल्ली आहे. ट्रकला थांबायचं नाही, बसला दर अर्ध्या किलोमीटरला थांबायचंय, आजोबांना पलीकडे जायचंय.

शहराच्या वेशीबाहेर वाढलेल्या जवळपास प्रत्येक रस्त्याची हीच कथा असते. आधी महामार्ग, मग त्याच्या कडेने ढाबे आणि गोदामं, मग प्लॉटिंग, मग टॉवर. वाघोली पुणे महापालिकेत आली ती २०२१ मध्ये. तोवर तिथे ग्रामपंचायत होती. इमारती आधी उभ्या राहिल्या, समांतर रस्ते कागदावर राहिले. सगळ्यांना बाहेर पडायला एकच दार उरलं.

मोजायचं काय, गाड्या की माणसं?

वर्षानुवर्षं आपल्याकडे चौकात बसून गाड्या मोजल्या गेल्या. गाड्या मोजल्या की उत्तरही गाड्यांचंच निघतं: आणखी एक पदर वाढवा. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने ही मोजपट्टी बदलायला सांगितली. रस्त्याची जागा वाटताना वाहनं केंद्रस्थानी न ठेवता माणसं ठेवा, असं ते धोरण म्हणतं. माणसांच्या अशा मोजणीसाठी 'पीपीएचपीडी' हा जिभेला न झेपणारा शब्द वापरतात. त्याचा अर्थ, एका तासात, एका दिशेने, एका ठिकाणावरून किती माणसं पुढे गेली. यापुढे आपण त्याला 'तासाची माणसं' म्हणू.

दुसरी मोजणी वेळेची, तीही माणसाच्या बाजूने. समजा वाघोलीच्या आतल्या सोसायटीतून कुणी पुणे स्टेशनला निघालं. घरापासून थांब्यापर्यंत दहा मिनिटं, बसची वाट पाहण्यात पंधरा, बसमध्ये पंचावन्न, उतरल्यावर चालत दहा. एकूण दीड तास. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण वाटणी ओळखीची वाटेल. यातली पस्तीस मिनिटं बसच्या बाहेर गेली. बस कितीही वेगाने पळवली तरी ती तशीच राहतात.

त्यातही उभं राहून वाट पाहिलेली मिनिटं माणसाला बसमधल्या मिनिटांपेक्षा साधारण दुप्पट जड जातात, असं गृहीत धरूनच जगभर आराखडे होतात. थांब्यावर सावली नसेल आणि बस येणार की नाही हेच माहीत नसेल, तर दुप्पटसुद्धा कमीच म्हणायची.

आणि एक बारीक गोष्ट. आपण सरासरीवर घरातून निघत नाही, वाईटात वाईट दिवस धरून निघतो. बस कधी चाळीस मिनिटं घेते, कधी ऐंशी. सरासरी साठ असली तरी साडेनऊला हजेरी लावायची असलेला माणूस ऐंशी धरूनच निघणार. म्हणून चांगला आराखडा 'वेग किती वाढेल' एवढंच सांगून थांबत नाही, 'ऐंशीचे साठ होतील का' हेही सांगतो.

तीन पदरी रस्ता चौकात सव्वा पदरी होतो

घागर कितीही मोठी असली तरी पाणी तोंडातूनच बाहेर पडतं. रस्त्याचं तोंड म्हणजे चौक.

गणित करू. एका दिशेला तीन पदर आहेत. चौकातल्या सिग्नलचं पूर्ण आवर्तन १८० सेकंदांचं, त्यात मुख्य रस्त्याला हिरवा दिवा ७५ सेकंद. म्हणजे तासातला जेमतेम ४२ टक्के वेळ हा रस्ता चालू, उरलेला वेळ बंद. तीन पदरांना १८० ने भागून ७५ ने गुणा: सव्वा. दोन चौकांच्या मध्ये तुम्ही चौथा पदर घातलात आणि चौक तसाच ठेवलात, तर हाती काय आलं? रांग लांबीऐवजी रुंदीत उभी राहिली.

शास्त्रीनगर, विमाननगर, खराडी बायपास या चौकांची नावं रोजच्या प्रवाशाला पाठ असतात ती याचमुळे. त्यामधला रस्ता कुणाच्या लक्षातही राहत नाही.

बसच्या दृष्टीने याचा अर्थ असा: मार्गिका दोन चौकांमध्ये सलग असली आणि चौकाच्या शंभर मीटर अलीकडे संपली, तर ती नसल्यातच जमा. बस सुसाट येते आणि जिथे खरी कोंडी आहे तिथे सगळ्यांच्या मागे उभी राहते. उलट, मधल्या मोकळ्या रस्त्यात मार्गिका नसली तरी चालेल, पण चौकाच्या तोंडाशी शंभर-दीडशे मीटर बसला रांगेच्या पुढे काढणारा पट्टा हवा. त्याला सोबत सिग्नलची मदत मिळाली, म्हणजे बस जवळ आली की हिरवा दिवा आठ-दहा सेकंद लांबवायचा, तर कमी जागेत बरंच काही साधतं. 'आमचा रस्ता अरुंद आहे, इथे मार्गिका बसणारच नाही' या आक्षेपाचं बरंचसं उत्तर इथे आहे. सगळ्या रस्त्यावर जागा लागत नाही. तोंडाशी लागते.

'पण ती मार्गिका तर रिकामीच असते!'

बीआरटीवरचा सगळ्यात लोकप्रिय आक्षेप. शेजारी शंभर गाड्या घुसमटतायत आणि मधला पट्टा मोकळा. डोळ्यांना हे सरळ अन्यायच वाटतं.

आता घड्याळ लावू. समजा मार्गिकेतून दर मिनिटाला एक बस जाते, ताशी २० किलोमीटर वेगाने. दोन बसमधलं अंतर झालं ३३३ मीटर. बसची लांबी १२ मीटर. तुम्ही दुभाजकाजवळ उभे असाल तर तुमच्या समोरून बस सरकायला दोन सेकंदांहून थोडं जास्त लागतं. उरलेली जवळपास ५८ सेकंदं मार्गिका तुम्हाला रिकामी दिसते. आणि प्रत्येक बसमध्ये साठ माणसं धरली तर याच 'रिकाम्या' पट्ट्यातून तासाला ३,६०० माणसं गेली. शेजारच्या पदरात तासाला हजार मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस असला, तर झाली १,५००. तो पदर मात्र गच्च दिसतो.

म्हणजे मार्गिका रिकामी दिसणं हेच ती चालत असल्याचं लक्षण.

इथवर बीआरटीवाल्यांची बाजू. पण हे गणित मोटारींशी तुलना करून जिंकलेलं आहे, आणि पुणं मोटारींचं शहर नाही, दुचाकींचं आहे. दुचाकी जागा कमी घेते, चिंचोळ्या फटीतून पुढे सरकते. एका पदरातून तासाला दोन हजार दुचाकी गेल्या आणि काहींवर मागे कुणी बसलेलं असलं, तर आकडा अडीच हजारांच्या आसपास जातो. परदेशी पुस्तकातला 'बस विरुद्ध कार' हा तक्ता आपल्याकडे तसाच चिकटवला की तिथे घसरायला होतं.

आणि दुसरं. बस दर मिनिटाला न येता दर पाच मिनिटांनी आली तर? तासाला बारा बस, ७२० माणसं. मग मात्र शेजारच्या दुचाकीस्वाराची तक्रार रास्त आहे. ती मार्गिका खरोखरच वाया चालली आहे. माझ्या मते आपल्याकडच्या बीआरटीचं मर्म इथे आहे. काँक्रीटचा ठेका निघतो, फीत कापली जाते, छायाचित्र येतं. दर मिनिटाला एक बस सोडत राहणं हे रोजचं, कंटाळवाणं, खर्चिक काम आहे. त्याचं उद्घाटन होत नाही.

बस वाढवल्या की झालं ना?

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या मापदंडांत हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही वरची श्रेणी मानली आहे, म्हणजे दहा हजार लोकांमागे सहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून हा हिशेब मांडला तर बस कमीच पडतात, यात वाद नाही. पण नवी बस घेण्याआधी जुनी बस काय करते ते बघू.

समजा एका मार्गाची जाऊन-येऊन एक फेरी, टोकाला चालक-वाहकांच्या विश्रांतीसकट, १५० मिनिटांची आहे. मार्गावर १५ बस. म्हणजे दर दहा मिनिटांनी एक. चौकाचौकांत वेळ वाचवून हीच फेरी १२० मिनिटांत होऊ लागली, तर त्याच १५ बस दर आठ मिनिटांनी येतात. पंधरा तासांच्या दिवसात आधी प्रत्येक बसच्या सहा फेऱ्या होत होत्या, आता साडेसात. एकूण ९० च्या जागी ११२. एकही बस, एकही चालक न वाढवता २२ फेऱ्या फुकट मिळाल्या.

हेच उलटं फिरवा. कोंडी वाढून फेरी १८० मिनिटांवर गेली, तर १५ बस दर बारा मिनिटांनी. थांब्यावर गर्दी वाढते, चढायला वेळ लागतो, फेरी आणखी लांबते. वैतागलेला प्रवासी हप्त्यावर दुचाकी घेतो, ती रस्त्यावर उतरते, कोंडी वाढते. या चक्रात नुसत्या बस ओतणं म्हणजे तळ फुटलेल्या पिंपात पाणी भरणं.

आता प्रत्येक प्रवाशाच्या मनातला प्रश्न: अर्धा तास बस नाही आणि मग एकदम तीन कशा येतात? डेपोतून तर दहा-दहा मिनिटांनी सोडलेल्या असतात.

पंगत आठवा. भाताचा वाढपी पुढे निघतो, त्याला प्रत्येक पान रिकामं सापडतं, म्हणून तो प्रत्येक पानाशी थांबतो. त्याच्या मागून दुसरा भातवाला निघाला, तर त्याला सगळी पानं नुकतीच भरलेली दिसतात; तो झपाझप पुढे सरकतो आणि पंगतीच्या मध्यावर पहिल्याला जाऊन भिडतो. बसचं तंतोतंत असंच होतं. पहिली बस एखाद्या सिग्नलला तीन मिनिटं अडकली. पुढच्या थांब्यावर तीन मिनिटांचे जास्तीचे प्रवासी जमले. ते चढायला वेळ गेला, ती आणखी मागे पडली. मागच्या बसला थांबे मोकळे मिळाले, ती पुढे आली. वाघोलीपर्यंत दोघी एकमेकींना चिकटल्या: पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, दुसरी निम्मी रिकामी. यात कोणत्याच चालकाचा दोष नाही.

उपाय वेळापत्रक आणखी कडक करणं हा नाही. मधल्या एक-दोन ठिकाणी मागून घाईने येणारी बस दोन मिनिटं रोखून धरायची आणि दोन बसमधलं अंतर पुन्हा सारखं करायचं. बसमधल्या लोकांना ती दोन मिनिटं खटकतात. 'सोडा की आता' म्हणून आरडाओरडा होतो. पुढच्या दहा थांब्यांवरच्या लोकांची त्यात सोय झालेली असते, पण ते तिथे ओरडायला नसतात.

थांबा: छोटी गोष्ट, मोठा वेळ

बस एका थांब्यावर थांबते तेव्हा वेग कमी करणं, उतरणं-चढणं, पुन्हा वाहतुकीत शिरणं यात सहज अर्धं मिनिट जातं. पंचवीस थांबे म्हटले तर साडेबारा मिनिटं. म्हणून दोनशे-दोनशे मीटरवरचे थांबे एकत्र करून चारशे-पाचशे मीटरवर आणा, असं नियोजक सांगतात. आपल्या दारासमोरचा थांबा हलला की नगरसेवकाला फोन जातो, हे त्यांनाही माहीत असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ती तीनशे मीटर खरंच जास्त असतात. त्यामुळे इस्पितळ, शाळा, मंडई यांच्यापुढचे थांबे न हलवता बाकीचे हलवणं, हा मधला मार्ग.

तिकीट आधीच काढून घ्या, म्हणजे चढताना वेळ जाणार नाही, हा सल्ला परदेशी अहवालांत हमखास असतो. जिथे चालकच तिकीट देतो तिथे तो सोन्यासारखा आहे. आपल्याकडे कंडक्टर आत फिरून तिकीट देतो, दार अडत नाही. आपलं दार अडतं ते गर्दीने आणि उंच पायऱ्यांनी. म्हणून आपल्याकडे लो-फ्लोअर, म्हणजे पायऱ्या न चढता आत जाता येईल अशी, रुंद दारांची बस जास्त वेळ वाचवते.

बस-बे, म्हणजे रस्त्याच्या कडेला आत घेतलेली खोबण, ही अनेकांची आवडती मागणी. बस बाजूला जाईल, मागची वाहतूक अडणार नाही. प्रत्यक्षात गर्दीच्या वेळी आत गेलेल्या बसला बाहेर यायला कुणी वाट देत नाही. शिवाय त्या खोबणीत रिक्षा आणि टेम्पो उभे राहतात, मग बस रस्त्यातच थांबते आणि प्रवासी डांबरावर उतरून उभे. कोंडीच्या रस्त्यावर उलटी रचना बरी पडते: पदपथच थोडा पुढे आणायचा, बस आपल्या पदरातच थांबेल. मागच्या मोटारीला वीस सेकंद थांबावं लागेल. साठ माणसांसाठी एकीने थांबावं की एकीसाठी साठांनी, हा प्रश्न त्या वीस सेकंदांत मिटतो.

राहिलं रस्ता ओलांडणं, आणि हे आराखड्यांत सगळ्यात शेवटी येतं. सकाळी ज्या बाजूला बस पकडलीत, संध्याकाळी त्याच्या समोरच्या बाजूला उतरणार. म्हणजे बसने जाणाऱ्याला दिवसातून एकदा नगर रस्ता पार करणं अटळ आहे. थांबे मधोमध असतील तर दोनदा अर्धा-अर्धा. पादचारी पूल असतो, पण हातात पिशव्या आणि कडेवर मूल घेऊन चाळीस-पन्नास पायऱ्या चढायच्या, तितक्याच उतरायच्या, म्हणून बहुतेक जण दुभाजकाची फट शोधतात. जमिनीवरच सिग्नलसह ओलांडायची सोय हा बस योजनेचाच भाग आहे.

मग बीआरटी फसली का?

पुण्याने देशात पहिल्यांदा हा प्रयोग केला. २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर तो सुरू झाला. २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि सांगवी–किवळे हे 'रेनबो बीआरटी'चे मार्ग आले, मग नगर रस्ता. पिंपरी-चिंचवडमध्ये दापोडी–निगडी २०१८ मध्ये सुरू झाला. दोन्हीकडे एकाच कंपनीच्या बस, साधारण तीच संकल्पना, तरी पिंपरी-चिंचवडमध्ये ती टिकली आणि नगर रस्त्यावरून गेली.

एक कारण डोळ्यांना दिसतं: जुना मुंबई-पुणे रस्ता पिंपरी-चिंचवडमध्ये ६१ मीटर रुंद आहे, त्याला सेवा रस्ते आहेत, चौकांत सरळ जाणारी वाहतूक खालून किंवा वरून काढलेली आहे. म्हणजे घागरीचं तोंडच मोठं केलेलं आहे. नगर रस्त्याला ते सुख नव्हतं. मार्गिका येरवड्याला संपली की पुढे स्टेशनपर्यंत बस सगळ्यांच्यात मिसळायची. चौकांत उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांना मधली मार्गिका ओलांडावी लागायची; त्यांच्यासाठी सिग्नलला वेगळी वेळ द्यायची तर बाकीच्यांची कमी होते. मार्गिकेत दुचाकी घुसायच्या. आणि वर सांगितलेला पाच मिनिटं विरुद्ध एक मिनिट हा प्रश्न होताच.

दिल्लीतही आंबेडकर नगर ते मूलचंद ही सहा किलोमीटरहून छोटी मार्गिका २००८ मध्ये आली आणि २०१६ मध्ये तोडली गेली. अहमदाबादची २००९ मध्ये आली आणि वाढत गेली. अहमदाबादने सुरुवात तुलनेने रुंद, मोकळ्या रस्त्यांवर केली आणि बस चालवायला वेगळी कंपनी उभी केली. दिल्लीने शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यावर छोटा तुकडा घेतला. सहा किलोमीटरच्या तुकड्यात बसच्या प्रवाशाला वाचतात चार-सहा मिनिटं, मोटारवाल्याचा संताप मात्र अख्ख्या शहराला ऐकू जातो.

मेट्रो आली की सुटेलच

मेट्रो हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तासाची माणसं एका मर्यादेपलीकडे गेली की बसची रांगच इतकी लांब होते की थांबे तुंबतात; तिथे रूळच लागतात. पण दोन गोष्टी.

पैसे. याच मेट्रो मार्गाच्या दुसऱ्या टोकाचा वनाझ–चांदणी चौक आणि इकडचा रामवाडी–वाघोली हे दोन्ही तुकडे मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, खर्च सुमारे ३,६२६ कोटी रुपये. किलोमीटरला २८० कोटींच्या वर. त्यातल्या वाघोलीकडच्या अकरा स्थानकांपासून चालत जाता येईल एवढ्या वर्तुळात सगळी वाघोली-खराडी मावत नाही. आतल्या सोसायटीतून स्थानकापर्यंत आणणारी छोटी बस, म्हणजे फीडर, नसेल तर लोक स्थानकापर्यंत दुचाकीने येणार. आणि दुचाकीवर बसलेला पुणेकर मग स्थानकावर का थांबेल?

दुसरी गोष्ट बांधकामाची वर्षं. खांब उभे राहताना रस्त्याच्या मधोमध पत्रे लागतात, एखादा पदर जातो. नेमकी याच काळात माणसं कमी जागेतून न्यायची असतात. बसला प्राधान्य द्यायची सगळ्यात मोठी गरज मेट्रो येईपर्यंतच्या वर्षांत आहे, आणि तेव्हाच आपण 'आता कशाला' म्हणतो. शिवाय दहा-बारा वर्षांनी मेट्रोने प्रवास करणार कोण? ज्याला बसची सवय राहिली आहे तो. मधल्या काळात तो कायमचा दुचाकीवर गेला, तर त्याला परत आणणं सोपं नाही.

उड्डाणपुलाबद्दल थोडक्यात: विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, कारण मेट्रो आणि नव्या दुमजली पुलाच्या आराखड्यात तो बसत नव्हता. पुलाने त्या चौकातली कोंडी सुटते, पुढच्या चौकात ती उतरते. सलग पुलांची मालिका बांधली तर ट्रक आणि एसटी वरून जातील, हे खरं, आणि शिरूरपर्यंतच्या उन्नत मार्गाचा विचार त्यासाठीच आहे. मात्र दुधाला निघालेल्या आजोबांना आणि बसच्या थांब्याला खालचाच रस्ता उरतो, आता खांबांसकट.

हा रस्ता नक्की कोणाचा?

बस चालवते पीएमपीएमएल, जी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून झाली. पदपथ आणि रस्ता शहरात महापालिकेचा, हद्दीबाहेर सार्वजनिक बांधकाम किंवा महामार्गवाल्यांचा. सिग्नलची वेळ ठरवतात वाहतूक पोलीस. मेट्रो महामेट्रोची. हद्दीबाहेरच्या वाढीचं नियोजन पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. आता एक साधं काम घ्या: एक थांबा चौकापासून पन्नास मीटर पुढे न्यायचा. त्यासाठी बसवाल्यांचा होकार, पदपथ तोडायला पालिका, खांब हलवायला वीजवाले, सिग्नल बदलायला पोलीस. पन्नास मीटरला चार कार्यालयं.

२०१७ च्या मेट्रो धोरणाने दोन अटी घातल्या त्या यासाठीच. एक, शहरासाठी सगळ्या वाहतुकीचं एकत्रित प्राधिकरण असावं. दोन, मेट्रोचा तपशीलवार प्रकल्प अहवाल करण्याआधी बस, बीआरटी, ट्राम अशा पर्यायांची तुलना व्हावी. ती तुलना लोकांसमोर आली तर टपरीवरचा निम्मा वाद आकड्यांवर होईल.

आराखडा हाती आला तर

पुढे कधी हरकती-सूचनांसाठी या रस्त्याचा नकाशा लागला, तर सुंदर झाडं आणि काचेचे थांबे काढलेलं पहिलं रंगीत चित्र उलटून पुढे जा. चौकाचा नकाशा शोधा. बसची मार्गिका दाखवणारी रंगीत रेघ चौकापर्यंत जाते की आधीच पुसट होते ते पाहा. तिथे 'मिश्र वाहतूक' असं लिहिलेलं असेल तर तेवढ्यावरच हरकत लिहा. मग गर्दीच्या तासाला किती बस धरल्या आहेत तो आकडा शोधा, आणि त्या बस कोणत्या डेपोतून, कोणाच्या पैशाने येणार ते विचारा. पादचारी कुठे ओलांडणार, उत्तर 'पूल' असेल तर लिफ्ट कोण चालवणार, तेही विचारा.

आणि त्याआधी एखाद्या सकाळी साडेआठ वाजता या रस्त्यावरच्या एखाद्या सिग्नलच्या चौकात अर्धा तास उभे राहा. एका वहीत दोन रकाने करा, एकात गाड्या, दुसऱ्यात माणसं. बसमधली माणसं मोजणं अवघड जातं. खिडक्या मोजा, उभे असलेले अंदाजाने धरा. हिरवा दिवा किती सेकंद राहतो तेही लिहा, आणि त्यातले किती सेकंद आडव्या घुसलेल्या गाड्यांनी खाल्ले तेही.